शांत प्रार्थनेमागचं भांडण

अँग्लिकन माणसाला तुमच्या पंथाची शिकवण काय, असं विचारलं तर तो सहसा सिद्धान्त मांडत बसत नाही. आमच्या उपासनेला येऊन बसा, म्हणतो. ल्यूथरच्या अनुयायांनी १५३० साली ऑग्सबर्गला आपली मतं कलमवार लिहून दिली. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियनांकडे वेस्टमिन्स्टरचा मतांगीकार आहे. रोमन कॅथलिकांकडे पोप आहेत, धर्मपरिषदा आहेत. अँग्लिकनांकडेही एकोणचाळीस कलमं आहेत, नाहीत असं नाही. पण ती प्रार्थनापुस्तकाच्या पार शेवटी छापलेली असतात आणि बाकावर बसणाऱ्या बहुतेकांचं बोट तिथवर कधी पोचत नाही. त्यांच्या तोंडी असतं ते त्याआधीचं सगळं : सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थना, स्तोत्रं, प्रभुभोजनाचा विधी, लग्नातली वचनं, कबरीवर माती लोटतानाचे शब्द. या पंथात माणूस काय मानतो हे तो काय म्हणतो त्यावरून ओळखायचं, आणि काय म्हणायचं ते पुस्तकात ठरलेलं.

मराठी वाचकाला हे थोडं अनोळखी वाटेल. ख्रिस्ती जगाशी त्याची ओळख झाली ती ‘स्मृतिचित्रे’तून आणि रेव्हरंड टिळकांच्या अभंगांतून. टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये वावरले, तिथे छापील प्रार्थनेची सक्ती नव्हती; पाळकाने उत्स्फूर्त प्रार्थना करायची आणि मंडळीने गायचं. वसईकडच्या कॅथलिक लेखकांनी मिस्सा, नोव्हेना आणि सणवार मराठी साहित्यात आणले. या दोहोंच्या मधून वाहणारा अँग्लिकन प्रवाह मात्र मुंबई-पुण्याच्या चर्चमध्ये इतकी वर्षं राहूनही मराठी पुस्तकांत फारसा उतरला नाही.

या संग्रहातले निबंध ती उणीव काही प्रमाणात भरून काढतात. ते चर्चच्या वर्षाच्या क्रमाने लावलेले आहेत : आगमनकाळापासून सुरुवात आणि त्रैक्यानंतरच्या लांबलचक रविवारांपाशी शेवट. लेखक स्वतः या उपासनेत वाढलेला असल्यामुळे त्याचा सूर निवांत आहे. वाचताना सारखं वाटत राहतं की हे सगळं असंच, आपोआप, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं असावं. ते तसं आलेलं नाही. या पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येक शांत प्रार्थनेमागे एक भांडण आहे. काही भांडणांत माणसं मेली आहेत, काहींत तुरुंगात गेली आहेत. लेखकाने ते गृहीत धरलं आहे. प्रस्तावनाकाराने ते उघड सांगावं, असं मला वाटतं.

सुरुवात थॉमस क्रॅनमरपासून करावी लागते. आठव्या हेन्रीने रोमशी नातं तोडलं ते राजकारणासाठी आणि लग्नासाठी. चर्चमधली लॅटिन मिस्सा त्याच्या हयातीत बहुतांशी तशीच राहिली. त्याचा पोरवयातला मुलगा सहावा एडवर्ड गादीवर आल्यावर कँटरबरीचा आर्चबिशप क्रॅनमर याला मोकळीक मिळाली, आणि १५४९ साली इंग्रजीतलं पहिलं प्रार्थनापुस्तक निघालं. तोवर इंग्लंडात सॉल्सबरीची रीत वेगळी, यॉर्कची वेगळी, हेरफर्डची वेगळी. मठांत दिवसरात्रीच्या सात-आठ प्रहरी प्रार्थना चालत, त्यांचे नियम इतके गुंतागुंतीचे की आज काय वाचायचं ते शोधण्यातच वाचण्यापेक्षा जास्त वेळ जातो, अशी तक्रार क्रॅनमरने आपल्या प्रस्तावनेत केली आहे. त्याने सगळे प्रहर मिळून दोन केले, एक सकाळचा आणि एक संध्याकाळचा. दीडशे स्तोत्रांचे साठ भाग पाडले, म्हणजे महिन्याला पूर्ण स्तोत्रसंहितेचं एक पारायण. आणि हे फक्त धर्मगुरूंसाठी नव्हे : गावच्या पाळकाने घंटा वाजवावी म्हणजे ज्याला यायचं तो येईल, असा नियम घातला. मठाची दिनचर्या त्याने गावात आणली.

क्रॅनमरला स्वतंत्र कवी म्हणणं चुकीचं होईल. त्याने जुन्या लॅटिन प्रार्थना घेतल्या, जर्मन सुधारकांच्या विधींतून घेतलं, एका स्पॅनिश कार्डिनलने केलेल्या प्रार्थनासंक्षेपातूनही घेतलं. त्याचं खरं कौशल्य दिसतं ते रविवारच्या छोट्या प्रार्थनांत. त्या दर आठवड्याला बदलतात आणि त्यांची घडण मात्र ठरलेली. आधी देवाला हाक, मग तो कसा आहे ते एका वाक्यांशात, मग एकच मागणं, ते कशासाठी हवं ते, आणि शेवटी ख्रिस्ताचं नाव. सगळं मिळून एक वाक्य, फार तर दोन. मागणं एकच असल्यामुळे मन फाटे फोडत नाही. देव कसा आहे ते आधी म्हटल्यामुळे मागणंही त्याला साजेसं होतं. निम्म्या मिनिटात संपणारी ही प्रार्थना इंग्रजी गद्याच्या इतिहासात मानाने का गणली जाते, ते मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नाही. लेखकाने प्रत्येक निबंधाचा आधार अशी एकेक प्रार्थना केली आहे, आणि ही निवड मला फार योग्य वाटते.

पण हे पुस्तक लोकांनी आनंदाने उचलून धरलं, असा समज असेल तर डेव्हनमधल्या सॅम्पफर्ड कोर्टने या खेड्यात जावं. ९ जून १५४९, ईस्टरपासूनच्या पन्नासाव्या दिवसाच्या सणाचा रविवार. देशभर नवी उपासना लागू करण्याचा तो दिवस. गावच्या पाळकाने हुकूम पाळला. दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांनी त्याला गाठलं, जुनी वस्त्रं अंगावर चढवायला लावली आणि लॅटिनमध्ये मिस्सा म्हणायला लावली. तिथून बंड पेटलं. कॉर्नवॉलचे लोक येऊन मिळाले. त्यांचं म्हणणं असं की आमच्यातल्या कित्येकांना इंग्रजी येतच नाही, आणि ही नवी उपासना म्हणजे नाताळातला खेळ आहे. पाचेक आठवडे एक्सेटर शहराला वेढा पडला. शेवटी भाडोत्री सैनिक आणून सरकारने बंड चिरडलं. हजारो माणसं मारली गेली. एक्सेटरच्या वेशीबाहेरच्या सेंट थॉमस चर्चच्या पाळकाला मिस्सेची वस्त्रं चढवून त्याच्याच चर्चच्या मनोऱ्यावर फाशी दिली. लोकांना समजेल अशा भाषेत उपासना हवी, हे सुधारकांचं तत्त्व. ज्या भाषेत ती लादली ती कॉर्नवॉलच्या माणसाला समजत नव्हती. हा विरोधाभास या परंपरेच्या जन्मातच आहे, आणि साम्राज्याबरोबर तो पुढे आपल्यापर्यंतही आला.

क्रॅनमरचा स्वतःचा शेवटही सगळ्यांना ठाऊक आहे. मेरी राणीच्या काळात पुस्तक रद्द झालं, त्याने जिवाच्या भीतीने माघारीच्या कागदांवर सह्या केल्या, आणि २१ मार्च १५५६ रोजी ऑक्सफर्डला चितेवर उभा असताना सही करणारा उजवा हात आधी आगीत धरला.

मला याहून महत्त्वाची वाटते ती १५५९ सालची एक छोटी दुरुस्ती. प्रभुभोजनात भाकर हातावर ठेवताना पाळकाने काय म्हणायचं? १५४९ च्या पुस्तकात जे शब्द होते त्यांतून हे ख्रिस्ताचं शरीर आहे असा अर्थ निघे. १५५२ च्या कडक आवृत्तीत ते काढून फक्त आठवणीदाखल खा असा भाव आणला. पहिल्या एलिझाबेथच्या काळात पुस्तक परत आलं तेव्हा दोन्ही वाक्यं एकापुढे एक जोडून टाकली. शरीर मानणाऱ्याने पहिल्या वाक्याला आमेन म्हणावं, स्मरण मानणाऱ्याने दुसऱ्याला. गुडघे दोघांनी एकाच कठड्यापाशी टेकायचे. काही जण याला लबाडी म्हणतात. मी याला शहाणपण म्हणतो, कारण त्याच शतकात शेजारच्या फ्रान्समध्ये धर्माच्या नावाने तीसेक वर्षं यादवी चालली. अँग्लिकनपण म्हणजे काय, याचं सगळ्यात आखूड उत्तर ही जोडलेली दोन वाक्यं आहेत.

पुढच्या शतकात भांडण उलट्या बाजूने आलं. प्युरिटनांना पुस्तकच नको होतं. छापील प्रार्थना म्हणजे पवित्र आत्म्याचं तोंड बांधणं, असं ते म्हणत. १६४५ मध्ये पार्लमेंटने पुस्तकावर बंदी घातली आणि १६४७ मध्ये नाताळ, ईस्टर हे सणही रद्द केले. त्या वर्षीच्या नाताळात कँटरबरीला दंगल झाली. दुकानं उघडी ठेवायचा हुकूम लोकांनी धुडकावला. दहा वर्षांनी, १६५७ च्या नाताळला, रोजनिशीकार जॉन एव्हलिन लंडनमधल्या एक्सेटर चॅपलमध्ये बायकोसह चोरून उपासनेला गेला होता. प्रवचन संपलं, प्रभुभोजन सुरू झालं आणि शिपायांनी इमारतीला वेढा घातला. लोक वेदीकडे सरकत होते, आणि शिपाई त्यांच्यावर बंदुका रोखून उभे. विधी पूर्ण होऊ दिला, मग एकेकाची झडती-चौकशी. राजासाठी प्रार्थना का करता, असं विचारल्यावर एव्हलिनने उत्तर दिलं की आम्ही सगळ्याच ख्रिस्ती राजांसाठी करतो. नाताळ हा इंग्रजांचा सगळ्यात निर्धोक, दुकानदारीचा सण आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही नोंद वाचावी.

राजेशाही परतली आणि १६६२ चं पुस्तक आलं. इंग्लंडच्या चर्चचं कायदेशीर प्रार्थनापुस्तक आजही तेच आहे. ते मान्य नसलेल्या सुमारे दोन हजार पाळकांना आपली जागा सोडावी लागली. या पुस्तकात प्रौढांच्या बाप्तिस्म्याचा विधी नव्याने घातला, आणि त्याचं एक कारण प्रस्तावनेत सरळ दिलं आहे : आपल्या वसाहतींतल्या मूळ रहिवाशांचा बाप्तिस्मा करायला तो उपयोगी पडेल. म्हणजे मुंबई बेट ब्रिटिशांच्या ताब्यात यायच्या आधीच पुस्तकाने आपली सोय करून ठेवली होती! त्याच पुस्तकात पावसासाठी एक प्रार्थना आहे आणि उघडिपीसाठी एक. इंग्लंडात दुसरीची गरज जास्त. नगर-सोलापूरकडे गेल्यावर पहिलीची पानं मळली असणार.

आता वर्षाकडे वळू.

चर्चचं वर्ष नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतं. आगमनकाळ हा खरं तर नाताळाच्या तयारीचाच नव्हे, ख्रिस्ताच्या दुसऱ्या येण्याचा, न्यायाच्या दिवसाच्या धाकाचाही काळ. बाजाराने तो पार गिळून टाकला आहे, ही लेखकाची तक्रार रास्तच. मग नाताळचे बारा दिवस, ६ जानेवारीला प्रकटीकरण, राखेचा बुधवार, रविवार वगळून चाळीस दिवसांचा उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार, ईस्टर, चाळिसाव्या दिवशी स्वर्गारोहण, पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्म्याचा सण, आणि पुढच्या रविवारी त्रैक्य. वेदीवरच्या कापडाचे रंगही याच क्रमाने बदलतात : जांभळा, पांढरा, लाल, हिरवा. हे सगळं निबंधांत सविस्तर येणार आहे, मी थांबत नाही.

ईस्टरच्या तारखेबद्दल मात्र दोन शब्द. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपाठचा रविवार, असा तो ठरतो, त्यामुळे २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये फिरत राहतो. सण चंद्रावर चालतात म्हणून इंग्रजी तारखा हलतात, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. व्यवहारी इंग्रजांना मात्र ते खुपलं. १९२८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने ईस्टर एप्रिलमधल्या दुसऱ्या शनिवारपाठच्या रविवारी पक्का करणारा कायदाच केला. तो कायदा मंजूर आहे, रद्द झालेला नाही, आणि कधी अमलातही आलेला नाही. त्याच वर्षी त्याच पार्लमेंटने चर्चने स्वतः सुधारून आणलेलं नवं प्रार्थनापुस्तक दुसऱ्यांदा फेटाळलं. प्रार्थना कशी करायची हे खासदारांनी ठरवावं, यात त्या देशाला बराच काळ काही वावगं वाटलं नाही. चर्चने पुढे आपली वाट काढली. २००० साली आलेली नवी उपासनामाला जुन्या पुस्तकाला हात न लावता त्याच्या शेजारी उभी आहे.

कॅलेंडरात राजकारणही होतं. राजाला उडवण्याचा दारूगोळ्याचा कट फसला तो ५ नोव्हेंबर, पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला तो ३० जानेवारी, राजेशाही परतली तो २९ मे : या तिन्ही दिवसांच्या खास उपासना प्रार्थनापुस्तकाला जोडलेल्या होत्या आणि १८५९ पर्यंत टिकल्या. दुसरीकडे शेतीचं वर्षही यात मिसळलेलं होतं. स्वर्गारोहणाच्या आधीच्या दिवसांत पाळक आणि गावकरी मिळून गावाच्या शिवेवरून मिरवणूक काढत, पिकांसाठी प्रार्थना करत, आणि शिवेच्या दगडांपाशी पोरांना फटके देत किंवा त्यांना उचलून दगडावर आपटत, म्हणजे शीव कुठे आहे ते जन्मभर ध्यानात राहावं. नकाशा नसलेल्या काळातली ही मोजणी. कवी-पाळक जॉर्ज हर्बर्टला ही चाल फार प्रिय होती.

आता एक गोष्ट, जिच्याबाबत लेखकाचं आणि माझं पूर्ण जमत नाही. तो वारंवार प्राचीन परंपरा म्हणतो. पण आज ज्या चालींना लोक कवटाळून बसतात, त्यांतल्या किती प्राचीन आहेत? हंगामाचा सण घ्या. आपल्याकडेही खरीप हाती आल्यावर मंडळ्यांत तो साजरा होतो, कणसं-भोपळे-कोंबड्या वेदीपुढे येतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव रंगतो. इंग्लंडात त्याचं आजचं रूप १८४३ चं, कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो गावच्या रॉबर्ट स्टीव्हन हॉकर या विक्षिप्त पाळकाने सुरू केलेलं. आगमनकाळात मेणबत्त्यांचं चक्र लावतात, ते हँबर्गच्या एका ल्यूथरन पाळकाने १८३९ मध्ये अनाथ मुलांसाठी केलं होतं. संत्र्यात मेणबत्ती खोचून मुलांच्या हाती देतात ती चाल मोरेव्हियन पंथाची, आणि इंग्लंडच्या चर्चमध्ये तिला १९६८ मध्ये प्रवेश मिळाला. उत्तम शुक्रवारी बारा ते तीन वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात प्रवचनं होतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी मंडळ्यांत वर्षातली सगळ्यात भरगच्च उपासना हीच. ती क्रॅनमरच्या पुस्तकात कुठेही नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस पेरूमधल्या लिमा शहरात जेसुइटांनी ती सुरू केली आणि एकोणिसाव्या शतकात ती लंडनच्या अँग्लिकन चर्चमध्ये आली. प्रॉटेस्टंट म्हणवणारी आपली माणसं तीन तास घाम पुसत जी उपासना करतात, ती मुळात जेसुइटांची.

नऊ पाठ आणि नाताळगीतांची ती जगप्रसिद्ध उपासनाही अशीच. १८८० मध्ये कॉर्नवॉलच्या ट्रुरो गावी कॅथीड्रल बांधून व्हायचं होतं, लाकडी शेडमध्ये काम चालत होतं. तिथले बिशप एडवर्ड व्हाइट बेन्सन यांनी नाताळच्या आदल्या रात्री दहा वाजता ती पहिल्यांदा घेतली. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात ती १९१८ मध्ये नेली एरिक मिल्नर-व्हाइट या डीनने. तो सैन्याबरोबर पाळक म्हणून युद्धावर जाऊन आला होता. नेहमीची उपासना त्या पिढीला पुरणार नाही, असं त्याला वाटलं. सुरुवातीच्या निवेदनात त्याने गरीब, आजारी, एकाकी यांच्याबरोबर पैलतीरी गेलेल्यांचीही आठवण घातली. कॉलेजातली किती पोरं त्या चार वर्षांत गेली होती, हे लक्षात घेतलं की त्या ओळीचं वजन कळतं. तीन वाजता चॅपलच्या पश्चिम टोकाशी गायकवृंद उभा राहतो. सुरुवातीच्या गीताचं पहिलं कडवं एका मुलाने एकट्याने, साथीशिवाय गायचं. तयारी दोघा-तिघांची करून घेतलेली असते. कोण गाणार ते संगीतप्रमुख ऐन क्षणी बोट दाखवून सांगतो, म्हणजे पोराला घाबरायला वेळच मिळत नाही. १९२८ पासून रेडिओवरून ही उपासना जगभर जाते. दुसऱ्या महायुद्धात चॅपलच्या रंगीत काचा काढून ठेवल्या होत्या, आत कडाक्याची थंडी, आणि शत्रूला ठिकाण कळू नये म्हणून कॉलेजचं नावही सांगत नसत. प्रक्षेपण मात्र चालू राहिलं.

या चाली नव्या आहेत म्हणून खोट्या आहेत, असं मी म्हणत नाही. उलट, शंभर वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी धाडसाला आपण परंपरा म्हणतो आणि आजच्या धाडसाला उच्छाद, एवढंच म्हणायचं आहे. १८३३ नंतर ऑक्सफर्डच्या चळवळीने चर्चला त्याचा जुना कॅथलिक वारसा आठवून दिला. त्यातून पुढे वेदीवर मेणबत्त्या, धूप, रंगीत वस्त्रं आली, आणि त्याविरुद्ध १८७४ मध्ये कायदा झाला. त्या कायद्याखाली पाच पाळक तुरुंगात गेले. मँचेस्टरजवळच्या माइल्स प्लॅटिंगचे सिडनी ग्रीन तर लँकेस्टरच्या तुरुंगात दीड वर्षाहून जास्त राहिले. गुन्हा काय, तर मेणबत्त्या, वस्त्रं, प्याल्यातल्या द्राक्षारसात पाणी. आज इंग्लंडातल्या अगदी साध्या चर्चमध्येही वेदीवर मेणबत्त्या दिसतात आणि कुणी वर मान करून पाहतही नाही.

या चळवळीचे लोक पुण्यात आले. ऑक्सफर्डजवळच्या काउली गावचे व्रतस्थ पाळक १८७० च्या दशकात मुंबई-पुण्याला आले, पाठोपाठ १८७७ मध्ये वाँटेजच्या सिस्टर्स. पुण्याचं पंचहौद मिशन ते हेच. मराठी वाचकाला पंचहौद म्हटलं की १८९० चं चहा प्रकरण आठवतं : लोकमान्य टिळक, रानडे प्रभृती मंडळी तिथे व्याख्यानाला गेली, चहा-बिस्किटं पुढे आली, नावं वर्तमानपत्रात छापली गेली आणि ग्रामण्य उभं राहिलं. चहाचा पेला इतका गाजला की त्या आवारातल्या उपासनेकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. इंग्लंडात ज्या मेणबत्त्यांसाठी पाळक तुरुंगात जात होते, त्या पुण्याच्या पेठेत बिनदिक्कत तेवत होत्या. ख्रिस्ती झालेले नीलकंठशास्त्री गोरे, म्हणजे फादर नेहेम्या गोरे, याच परंपरेत विसावले. त्यांनी पत्रांतून आणि पुस्तिकांतून ज्यांच्याशी वाद घातला त्या पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये वाँटेजला झाला. रमाबाई मात्र कोणत्याच पुस्तकात मावणाऱ्या नव्हत्या. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार छापलेला आहे. त्यात क्रूसावर लॅटिन अक्षरंच का, आमची संस्कृत का नको, असा त्यांचा सवाल आहे. सॅम्पफर्ड कोर्टनेचे शेतकरी लॅटिनसाठी लढले, रमाबाई लॅटिनविरुद्ध. मुद्दा दोघांचाही एकच, की माझ्या प्रार्थनेची भाषा तुम्ही कोण ठरवणार.

त्या सवालाला अँग्लिकनांकडून मनापासून उत्तर दिलं ते जॅक विन्स्लो यांनी. भारतातल्या चर्चला त्याची स्वतःची उपासना हवी, या मागणीचं पुस्तक त्यांनी १९२० मध्ये लिहिलं. इंग्लंडच्या पुस्तकाचा तर्जुमा न करता त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पूर्वेकडच्या सिरियन परंपरेच्या धर्तीवर विधी रचला, आणि मुंबई धर्मप्रांतात त्याचा प्रायोगिक वापर झाला. १९२२ मध्ये त्यांनी ख्रिस्त सेवा संघ काढला. पुण्याचा आश्रम त्यातूनच उभा राहिला. खादी, जमिनीवरची बैठक, भजनं. मंडळ्यांनी तो विधी फारसा उचलला नाही. मला वाटतं, याचं कारण विधीत नव्हतं. बाटलेला म्हणून गावाने आधीच वेगळं काढलेल्या माणसाला आपलं इंग्रजी वळणाचं चर्च हाच आधार वाटत होता, आणि साहेबाने येऊन त्याला पुन्हा भजनाला बसवावं हे त्याला रुचलं नसणार. या अंगाचा विचार लेखकाने करायला हवा होता.

दक्षिणेकडे गोष्ट वेगळी घडली. १९४७ मध्ये दक्षिण भारताचं संयुक्त चर्च झालं आणि १९५० मध्ये त्यांनी आपला प्रभुभोजनाचा विधी काढला. त्यात शांतीचं अभिवादन पाळकापासून हातोहात साऱ्या मंडळीत फिरे. ही चाल त्यांनी सिरियन ख्रिस्ती लोकांकडून घेतली होती. पुढे जगभरच्या अँग्लिकनांनी आपापल्या पुस्तकांत ती घेतली. उपासना इंग्लंडहून आपल्याकडे आली एवढंच सगळे सांगतात. थोडी इकडूनही तिकडे गेली.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारताचं संयुक्त चर्च स्थापन झालं आणि सहा परंपरा एकत्र आल्या. रेव्हरंड टिळकांच्या मिशनची बिनपुस्तकाची उपासना आणि पंचहौदची पुस्तकातली उपासना आता एकाच चर्चची झाली. म्हणून आजही मराठी मंडळीत वाद चालतात : प्रभुभोजन दर रविवारी की महिन्यातून एकदा, पाळकाने वस्त्र घालावं की नाही, उपवासकाळ पाळायचा म्हणजे नेमकं काय सोडायचं. नव्या पिढीला तर प्रोजेक्टरवरची गीतं आणि उत्स्फूर्त प्रार्थना हवी आहे. हे भांडण चारशे वर्षांचं आहे, एवढं जरी या निबंधांनी मंडळीच्या कमिटीला कळलं तरी पुष्कळ झालं.

माझा कौल विचाराल तर तो ठरलेल्या शब्दांच्या बाजूचा आहे. सी. एस. लुइसने म्हटलं आहे की चांगला जोडा तो, जो पायात आहे हे जाणवत नाही. उपासनाही तशीच असावी. नवे शब्द आले की लक्ष देवावरून उठून शब्दांवर जातं. आणि वर्षाचा क्रम तुमच्या मनःस्थितीची पर्वा करत नाही, हाही मोठा उपकारच. घरात आनंद असला तरी राखेचा बुधवार येतो, घरात मयत असली तरी ईस्टर येतो. नुसत्या उत्स्फूर्त प्रार्थनेत माणूस आपल्याच चार दुःखांभोवती फिरत राहतो. मात्र ठरलेले शब्द कोणी ठरवले, कोणाच्या भाषेत, कोणाच्या राजासाठी, हे विचारायचा हक्क राखूनच हा कौल.

शेवटी वाचकांकडे एक मागणं आहे. प्रार्थनापुस्तक एकोणिसाव्या शतकातच मराठीत आलं. त्याच्या जुन्या प्रती, हातांनी लिहिलेल्या चालींच्या वह्या, मंडळ्यांच्या उपासनेच्या नोंदी अजून घरोघरी ट्रंकांत आणि चर्चच्या कपाटांत पडलेल्या आहेत. समासात कुणी तरी पेन्सिलीने एखादा शब्द खोडून दुसरा लिहिलेला असतो. मराठी माणसाने ही उपासना आपली कशी केली, याचा पुरावा त्या खोडाखोडीतच आहे. ते कागद रद्दीत घालू नका. जवळच्या ग्रंथालयाला किंवा धर्मशास्त्राच्या महाविद्यालयाला द्या, निदान फोटो तरी काढून ठेवा.